आमच्यात असंच असतं

पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की त्यांना लंडन दाखवायचा माझा क्रम ठरलेला आहे. मेणाचे पुतळे, टॉवर ब्रिज आणि राजवाड्यासमोरचे लाल डगलेवाले ते आपले आपण पाहून येतात. मी त्यांना नेते ती प्रिमरोझ हिलजवळ, दहा, किंग हेन्रीज रोडवर. १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना डॉ. आंबेडकर या घरात राहत होते आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, हे सांगताना माझा आवाज असा लागतो की जणू सौदा मीच जमवून दिला. तिथून चालत अर्ध्या तासाच्या आत दुसरं एक घर आहे. वीस, मेअर्सफील्ड गार्डन्स. हे सिग्मंड फ्रॉइडचं. तोवर पाहुण्यांना भूक लागलेली असते, पण तिकिटं आधीच काढलेली असल्यामुळे कोणी मागे फिरत नाही.

या घराच्या संग्रहात एक हस्तिदंती विष्णू आहे. फ्रॉइडला जुन्या मूर्तींचा भारी नाद. ग्रीस, रोम, इजिप्त, कुठकुठचे देव त्याने गोळा केले होते. टेबलावर लिहायला जागा उरत होती हेच आश्चर्य. विष्णू मात्र त्याने विकत आणलेला नाही. कलकत्त्याच्या डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार चालायचा, आणि त्यात ते अत्यंत अदबीने त्याचं म्हणणं खोडून काढायचे. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला संस्थेने ही मूर्ती व्हिएन्नाला पाठवली. तिला टेबलावर मानाची जागा मिळाली. पुढे हस्तिदंताला आणि लाकडाला चिरा पडू लागल्या, तेव्हा कलकत्त्याची सवय असलेल्या या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय, असं फ्रॉइडने गमतीने लिहून ठेवलं आहे. परदेशात आलेल्या जिवाचं इतक्या आपुलकीने केलेलं निदान मी नंतर फार थोड्या डॉक्टरांकडून ऐकलं. बहुतेक जण व्हिटॅमिन डी लिहून देतात.

१९३८ मध्ये खुद्द फ्रॉइडलाच व्हिएन्नाची हवा मानवेनाशी झाली. तिथे हिटलर आला होता. ब्याऐंशीव्या वर्षी कोच, पुस्तकं, मूर्ती असा सगळा संसार उचलून हा माणूस लंडनला आला आणि सव्वा वर्षात इथेच वारला. तो प्रसिद्ध कोच अजून आहे, इराणी गालिचा पांघरून. रुग्णाने त्यावर आडवं व्हायचं आणि मनात येईल ते बोलायचं. डॉक्टर डोक्यामागे, दिसणार नाही असा बसायचा. हे ऐकून माझ्या एका मावशी म्हणाल्या, "बरोबरच आहे. समोर बसला असता तर आधी त्याला चहा विचारावा लागला असता."

मनाच्या उपचारांचा हा सगळा उद्योगच घर सोडून आलेल्या माणसांनी उभा केला, हे फ्रॉइडच्या घरात लक्षात येतं. मेलनी क्लाइन व्हिएन्नाची, १९२६ मध्ये बर्लिनहून लंडनला आली आणि इथलीच झाली. एरिक एरिक्सनची आई डॅनिश, जन्म फ्रँकफर्टचा, जन्मदात्या बापाचा पत्ता नाही, आडनाव सावत्र वडिलांचं. अमेरिकेत गेल्यावर त्याने स्वतःला नवीनच आडनाव दिलं. 'आपण कोण' या पेचावर त्याने ग्रंथ लिहिले नसते तरच नवल. हा एरिक्सन पुढे गांधीजींवरच्या पुस्तकासाठी अहमदाबादला आला, आणि तिथे त्याची गाठ पडली सुधीर काकरांशी. काकर इंजिनिअर झालेले, नंतर अर्थशास्त्रात डॉक्टरेट, आणि एवढं झाल्यावर मनोविश्लेषण शिकायला फ्रँकफर्टला. आपल्याकडची मुलंही आधी इंजिनिअर होतात आणि मग आपल्याला काय करायचंय ते ठरवतात, त्यामुळे मला ते फार घरचे वाटतात. पंजाबी घरातला हा माणूस जर्मन विश्लेषकापुढे, जर्मन भाषेत आपलं मन मोकळं करत होता. त्या खोलीत आपलं काय पोचलं आणि काय दाराबाहेर राहिलं, याचा विचार काकरांनी पुढे आयुष्यभर केला. शेवटची वर्षं ते गोव्यात राहिले आणि २०२४ मध्ये गेले.

तेव्हा हे शास्त्र आपल्यासारख्यांनीच, आपल्यासारख्यांसाठी केलेलं. आणि आपल्यासारखे तिकडे फिरकत नाहीत. फिरकले तरी सांगत नाहीत. आमच्या ओळखीतली एक जण दर मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे जायची. वर्ष उलटलं तेव्हा आम्हाला वाटायला लागलं, हिला दुधाचे दात पुन्हा येतायत. खरं समजलं तेव्हा कोणाला आश्चर्य वाटलं नाही. वाईट एवढंच वाटलं की बिचारीने वर्षभर आमच्यासमोर गार पाणी पिताना गाल धरला.

इथे मराठी थेरपिस्ट मिळत नाहीत असंही नाही. अडचण निराळीच आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं; डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे, आणि गणपतीत अर्धं वायव्य लंडन तिथे एका रांगेत उभं असतं. गुरुवारी जिच्यासमोर सासूवरून डोळे पुसले, ती रविवारी रांगेत आपल्या पुढे आणि सासूबाई मागे. ओळखीच्या माणसावर उपचार करू नयेत, असं या व्यवसायाची आचारसंहिता सांगते. ती लिहिणाऱ्यांचा मराठी माणसाशी संबंध आलेला नसावा. आपल्यात ओळख नसली तर दहा मिनिटांत काढता येते, आणि 'माहेर कुठलं?' इथून निघालेली गाडी बरेचदा नात्यापर्यंत जाऊन पोचते. एकदा ती आपल्या आतेबहिणीची नणंद निघाली, की कसलं मन आणि कसलं मोकळं करायचं.

परक्याकडे जावं, तर पहिल्या चार-पाच भेटी आपली संस्कृती समजावून सांगण्यात जातात. सण, मानपान, एकत्र कुटुंब, धाकटी पाती, थोरली पाती. शिकवणी आपण घ्यायची आणि फीही आपणच भरायची.

या पेचावर लंडनमध्ये एका माणसाने चांगला उपाय काढला होता. जाफर करीम हे भारतातून आलेले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये उत्तर लंडनमध्ये 'नफसियात' नावाचं केंद्र सुरू केलं, ते आजही चालू आहे आणि वीसहून अधिक भाषांत उपचार देतं. करीम यांचा आग्रह असा, की वंश, रंग, भाषा, धर्म हे विषय रुग्ण काढेल म्हणून थेरपिस्टने वाट पाहत बसू नये. ते टेबलावर आणायची जबाबदारी त्याची. दोघांनाही दिसत असलेली गोष्ट दोघांनीही सभ्यपणे न बघितल्यासारखं करायचं, हा प्रकार त्यांना मान्य नव्हता.

सरकारी वाट त्याहून सरळ आहे. एनएचएसच्या टॉकिंग थेरपीत पहिल्यांदा दोन प्रश्नावल्या भरून घेतात, एक उदासीची, दुसरी चिंतेची. पहिलीत नऊ प्रश्न, दुसरीत सात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला: मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. शून्यापासून तीनपर्यंत गुण, बेरीज करायची. प्रश्नावली गुणी आहे, जगभर वापरतात, तिची थट्टा करायचा माझा हेतू नाही. पण भूक कमी किंवा जास्त झाली का, हा प्रश्न दिवाळीनंतर आठवड्याने विचारला तर काय उत्तर येणार? आणि सहावा प्रश्न तर मराठी माणसासाठी वेगळा तपासून घ्यायला हवा होता. आपण अपयशी आहोत, आपण स्वतःला किंवा घरच्यांना खाली पाहायला लावलं, असं किती वेळा वाटतं? आमच्या ओळखीतल्या एका यशस्वी हृदयरोगतज्ज्ञाने 'जवळजवळ रोज' वर खूण केली. कधीपासून, असं विचारल्यावर म्हणाला, "दहावीच्या निकालापासून. गणितात सहा मार्क गेले."

पुढे कुटुंबाची थेरपी असेल तर वंशवृक्ष काढतात. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, बिनसलेल्या नात्याला वेडीवाकडी रेघ. इंग्लिश घराण्याचा नकाशा एका कागदावर मावतो. आपल्याला दुसरा कागद मागावा लागतो, आणि त्यातही ज्यांच्याशी पंधरा वर्षं बोलणं नाही त्या चुलत्यांचा चौकोन सगळ्यात आधी काढला जातो, कारण घरात रोज विषय त्यांचाच. एका बाईंना विचारलं, घरात कोण कोण असतं? त्या म्हणाल्या, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई कुठल्या खोलीत असतात? पुण्यात. हे उत्तर अगदी खरं होतं. हिवाळ्यात लंडनमध्ये सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचा एक झालेला असतो. जेवण आटोपून सासूबाई टॅबलेटवर येतात, टॅबलेट टोस्टरला टेकवलेला असतो, आणि मुलांच्या डब्यात काय भरलं जातंय ते त्यांना साडेचार हजार मैलांवरून अगदी स्पष्ट दिसतं.

आता माझ्या भाचीचं सांगते. तिचं सासर यॉर्कशरचं. यॉर्कशरची माणसं स्पष्टवक्ती, काटकसरी आणि आपल्या गावाबाहेर फारसं काही घडत नाही अशी खात्री असलेली, असा इंग्लंडभर लौकिक आहे. त्यामुळे पुण्याच्या मुलीला तिथे परकं वाटायचं काही कारण नव्हतं. मुलगाही गुणी, भाकरी शिकला, मोदकांच्या कळ्या हिच्यापेक्षा बऱ्या पाडतो. बिनसलं ते व्हिसावरून. ब्रिटनचा पाहुण्यांचा व्हिसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. ही कमाल मर्यादा आहे, असं यॉर्कशरला वाटलं. पुण्यात तो मुक्कामाचा कालावधी समजला गेला. माझी बहीण आणि मेहुणे एप्रिलच्या आरंभी यायचे आणि पितृपंधरवड्याच्या बेताला परत जायचे, दर वर्षी. जावयाची अभ्यासिका म्हणजे त्यांची खोली. त्याचे स्वतःचे आईवडील महिनाभर आधी तारीख विचारून येतात, दोन रात्री राहतात आणि जाताना पलंगावरच्या चादरी काढून घडी करून ठेवतात. हे ऐकून माझ्या बहिणीला त्या मुलाची जी कीव आली, ती अजून ओसरलेली नाही.

दोघं समुपदेशनाला गेली. पहिली थेरपिस्ट सालस इंग्लिश बाई, परसंस्कृतीचा आदर करण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली. भाचीने तिला सगळं सांगितलं: आईवडिलांना 'किती दिवस राहणार' असं विचारणं म्हणजे काय, लेकीच्या घरी राहायला आधीच त्यांना किती संकोच वाटतो, वडिलांपुढे 'नाही' हा शब्द कसा तोंडातून फुटत नाही. बाई मान डोलावत होत्या आणि वहीत उतरून घेत होत्या. जावयाला काही बोलायची सोय उरली नाही. तो तोंड उघडायचा तेव्हा एका प्राचीन संस्कृतीविरुद्ध बोलत असल्यासारखा दिसायचा. मग त्यानेही आपली संस्कृती काढली: आमच्या यॉर्कशरमध्ये मनातलं बोलून दाखवत नाहीत. दोन संस्कृती समोरासमोर बसल्या, दोघींचा यथोचित सन्मान झाला, आणि घरी येऊन दोन्ही माणसं वेगवेगळ्या खोल्यांत जेवली.

दुसरी थेरपिस्ट मँचेस्टरला वाढलेली, आई घानाची, वडील आयरिश. तिच्यापुढे भाचीने तीच कॅसेट लावली. अर्ध्यावर आल्यावर तिने विचारलं, "तुला बहीण आहे ना? ती काय करते?"

बहीण आहे. पुण्यातच, आईवडिलांच्या समोरच्या सोसायटीत. तीच संस्कृती, तेच संस्कार, तोच पुरणपोळीचा डबा. आणि तिने लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात आईला सांगून टाकलं होतं, की शनिवारी-रविवारी न विचारता यायचं नाही. आईने दोन दिवस धुसफूस केली आणि तिसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, येऊ का? चौदा वर्षं हे सुरळीत चाललंय. भाचीला ते ठाऊक होतं, पण लंडनच्या त्या खोलीत आपल्याबरोबर बहिणीलाही बसवलं जाईल अशी तिची कल्पना नव्हती.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ती पहिल्यापासून आगाऊ आहे. मी शहाणी."

सहा महिन्यांच्या भांडणाचं मूळ त्या वाक्यात होतं. शहाणी मुलगी परदेशात गेली, आईवडिलांना सोडून गेली, आपल्या मनाने लग्न केलं, आणि त्या प्रत्येक गोष्टीची भरपाई दर वर्षी सहा महिने अभ्यासिका देऊन चालली होती. यात महाराष्ट्राचा दोष किती? थोडा असेल. शहाणपणाचं बक्षीस धाकट्यांना वाटण्यात आपला हात कुणी धरणार नाही. पण उरलेलं सगळं तिचं स्वतःचं होतं, आणि तिने ते संस्कृतीच्या नावावर बँकेत ठेवलं होतं. यॉर्कशरचीही झडती झालीच. त्याला एक भाऊ आहे. तो लीड्सच्या पबमध्ये मनातलं इतकं बोलतो की लोक टेबल बदलतात.

मला या बाबतीत काही सांगायचं असेल तर ते एवढंच आहे. 'आमच्यात असंच असतं' या वाक्यासारखी लपायला उत्तम जागा परदेशात दुसरी नाही. मायदेशी ती मिळत नाही. पुण्यात हे वाक्य म्हणून पाहा. शेजारची काकू तिथल्या तिथे सांगेल, आमच्यात नाही हो असतं. परदेशात खोडून काढायला काकूच नसते. समोरचा माणूस सभ्य असतो, अज्ञानी असतो, आणि आपण वंशद्वेष्टे ठरू या धास्तीने मान डोलावतो. मग माणूस कंजूष असेल तर तो पारंपरिक होतो, भित्रा असेल तर आज्ञाधारक, बायकोशी न बोलणारा असेल तर मर्यादाशील. आमच्या मंडळातल्या निम्म्या संस्कृतीला मी स्वभाव म्हणेन. मंडळात हे वाचतील याची मला कल्पना आहे.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त महागात पडते. आमच्या गल्लीतल्या एक आजी रोज सकाळी देवपूजा झाली की यजमानांच्या फोटोला हार सारखा करून त्यांच्याशी दोन शब्द बोलतात. गॅसचं बिल, नातवाची परीक्षा, गुडघा. एका तरुण समुपदेशकाने हे कागदावर चिंताजनक म्हणून टिपलं आणि आजींना पुढच्या तपासणीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई श्रीलंकेच्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "ते उत्तर देतात का?" आजी म्हणाल्या, "जिवंत असताना देत नव्हते, आता कुठले देणार." प्रकरण तिथेच मिटलं. कुटुंब-उपचाराचा एक मोठा आचार्य साल्व्हादोर मिनुचिन; एकमेकांत फार गुंतलेल्या कुटुंबांबद्दल त्याने लिहिलं, आणि त्याच्या मापाने मोजलं तर कोल्हापूर ते नागपूर एकही घर मोकळं सुटणार नाही. पण मिनुचिन स्वतः अर्जेंटिनातल्या रशियन ज्यू घरातला, इस्रायल करून अमेरिकेत गेलेला. गुंतलेलं घर म्हणजे काय ते त्याला आतून माहीत होतं. शिष्यांना माप मिळालं, घर मिळालं नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या जाडजूड संहितेने २०१३ च्या आवृत्तीत यावर तोडगा म्हणून सोळा प्रश्नांची एक मुलाखत घातली. तुमचा त्रास तुम्ही घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगाल? तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं? घरच्यांना काय वाटतं? आजवर कुणाकुणाची मदत घेतली? समजुतीचा आव न आणता सरळ विचारणारे प्रश्न आहेत, आणि मला आवडतात. ही मुलाखत वापरून पाहिली ती काही मोजक्या देशांत, आणि त्यात भारतातलं एक ठिकाण पुणे होतं. पुणेकरांनी सोळाही प्रश्नांची उत्तरं दिली असणार, आणि सतरावा कोणता विचारायला हवा होता तेही सांगितलं असणार.

मुलांबद्दल फार लिहीत नाही. ती आमच्यापेक्षा चलाख असतात. आईबापांच्या देशाची नाही आणि राहत्या देशाचीही पुरती नाही, अशा तिसऱ्याच संस्कृतीत वाढणारी मुलं, ही कल्पना रूथ यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंना पन्नासच्या दशकात सुचली ती भारतात, तिथल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. आज त्यांचे सगळे निष्कर्ष लंडनच्या हॅरोमधल्या मराठी मुलांना लागू पडतात. आमचा नातू आजोबांवर रागावतो मराठीत आणि माफी मागतो इंग्रजीत, त्यामुळे आजोबांना फक्त पहिला भाग कळतो.

एक दुःख मात्र खरोखरच परदेशी राहणाऱ्याचं आहे. त्याला स्वभावाचं नाव देऊन चालणार नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन बाईंनी सत्तरच्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्यांचा अभ्यास केला. माणूस गेला म्हणावं तर प्रेत नाही, आहे म्हणावं तर पत्ता नाही. रडायचं कधी आणि थांबायचं कधी, हे कुणी ठरवून देत नाही. असल्या धूसर वियोगाचा विचार बॉसबाईंनी पुढे स्थलांतरितांपर्यंत नेला. त्यांचे वडील स्वित्झर्लंडहून विस्कॉन्सिनला आलेले, आणि जन्मभर तिकडची आठवण काढून झुरणारे. मला हे वाचून बरं वाटलं होतं. आई पुण्यात धडधाकट असते, रोज दिसते, रोज बोलते, आणि तरी विमानतळावरून परतल्यावर चार दिवस घशाखाली घास उतरत नाही. या रडण्याला सुतक नाही, रजा नाही, कोणी भेटायला येत नाही. इथल्या थेरपिस्टने त्याला नुसतं दुःख म्हटलं, आजार म्हटलं नाही, तरी तिची फी वसूल झाली असं मी समजेन.

फीवरून आठवलं. या लोकांचा तास पन्नास मिनिटांचा असतो आणि आपल्याला तो पुरत नाही. आपल्याकडे खरं बोलणं चपला घालताना होतं. दोन तास हवापाणी, भाव, लग्नं झाली, की दारात एक पाय चपलेत असताना बाई म्हणते, "बाकी सगळं ठीक, पण हे काही बोलतच नाहीत हो हल्ली." थेरपिस्टांनाही हा प्रकार ठाऊक आहे; दाराच्या मुठीला हात घालून केलेल्या वक्तव्यांवर त्यांच्यात चर्चा चालते. पण त्यांच्याकडे तो अपवाद समजतात. आमच्याकडच्यांना सरळ दारातच खुर्ची टाकून बसवावं.

आणखी एक गोष्ट इथे पटायला जड जाते, ती बंद दार. मुलगी सोळा वर्षांची झाली की डॉक्टर आईला बाहेर बसायला सांगतात. आई बाहेर बसते, पण तिचा चेहरा पाहावत नाही. आपल्याकडचा अनुभव वेगळा होता. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर घरच्यांनाही राहायला बोलावलं. माणसं लवकर बरी होऊन घरी जाऊ लागली, आणि घरच्यांची भीतीही गेली. आज लंडनमध्ये असं करायचं म्हटलं तर तंबू पुरणार नाहीत, पण कधीतरी एखाद्या भेटीला सगळ्यांना बोलवावं. न बोलावलेल्यांचं मत तसंही दुसऱ्या दिवशी फोनवर येतंच.

भाचीचं आता बरं चाललंय. आईवडील अडीच महिने येतात, अभ्यासिकेत झोपतात, आणि जावई स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसतो, टोस्टरच्या शेजारी. भांडणं होतात. माझ्या बहिणीने थेरपिस्ट बाईंसाठी पुण्याहून चिवडा पाठवला होता. व्यवसायाच्या नियमात बसत नाही म्हणून त्यांनी तो घेतला नाही. आमच्याकडे तो अपमान समजला गेला आहे.

तुम्ही इंग्लंडात असाल आणि झोप उडाली असेल, तर एवढं ध्यानात ठेवा. टॉकिंग थेरपीला जीपीची चिठ्ठी लागत नाही, जीपीकडे नाव असलं की आपलं आपण नोंदवता येतं. थांबावं लागतं, पण नंबर लागतो. दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. खाजगी जायचं असेल तर माणूस बीएसीपी किंवा यूकेसीपी या संस्थांच्या यादीत आहे का ते आधी पाहा, कारण 'सायकोथेरपिस्ट' अशी पाटी लावायला इथे कायद्याची आडकाठी नाही. आणि दुभाषा म्हणून पोटच्या पोरीला किंवा मंडळातल्या कुणाला कृपा करून नेऊ नका.